चौथीतली स्कॉलरशिप

डोंबिवली पूर्व
१८ जून २०२५

देवयानी,

परवा सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास ठाण्याच्या एका केंद्रात नीला मॅडम नावाच्या बाईंनी एक जुनं रजिस्टर उघडून माझ्या नावावर बोट ठेवलं, आणि तिथून पुढे मी आधीचा साकेत राहिलेलो नाही.

"साकेत विश्राम तळेकर, डोंबिवली. नोव्हेंबर २०१४," त्या म्हणाल्या. "अरे, तू आधी येऊन गेलायस की."

मी म्हटलं, मॅडम, दुसरा कोणी असेल. त्यांनी जन्मतारीख वाचली, माझीच. मग रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. शेवटच्या रकान्यात 'रिपोर्ट मिळाला' आणि खाली सही. अक्षरं मला दगा देतात, पण ती सही नाही देणार. त्या 'वि'ची वेलांटी मी लहानपणापासून बघतोय. आमच्या दारावरच्या पाटीवर आहे, प्रगतिपुस्तकांवर आहे. बाबांची सही.

तुला हे केंद्र कसलं तेच माहीत नाही, म्हणून आधी ते सांगतो. देवयानी, मला नीट वाचता येत नाही. तू एक पान संपवतेस तेवढ्या वेळात माझ्या दोन ओळी होतात, आणि दुसरी संपेपर्यंत पहिली सांडलेली असते. लिहिणं त्याहून वाईट. याला डिस्लेक्सिया म्हणतात, आणि तो आहे की नाही ते तपासून लिहून देणारी माणसं असतात. ठाण्यात एका ट्रस्टचं तसं केंद्र आहे, ते ऋतुराजने शोधून दिलं. मला तो कागद हवा होता, कारण कॉलेज सुटलं असलं तरी मुक्त विद्यापीठातून परीक्षा द्यायचीय आणि जास्तीचा वेळ हवा तर कागद लागतो. हे एक कारण. दुसरं कारण तू. मला त्या कागदाची झेरॉक्स तुला पाठवायची होती.

फेब्रुवारीत टेंभी नाक्यावर रस पीत होतो आपण तिघं. ऋतुराजने तुला सहज विचारलं, "नाशिकच्या मेसवाल्या काकू अजून आमटीत ढीगभर गूळ घालतात का?" आणि तुझा ग्लास हातातच थांबला. तो गूळ तू फक्त मला पत्रात लिहिलेला. तू म्हणालीस, "माझी पत्रं तू मित्रांना वाचायला देतोस?" आणि मी काय म्हणालो? म्हणालो, त्यात काय एवढं. तू पर्स उचललीस आणि गेलीस. त्या दिवसापासून मी ब्लॉक.

आता ऐक. तुझी अकराच्या अकरा पत्रं ऋतुराजने मला वाचून दाखवली. दिवा स्टेशनजवळच्या त्याच्या खोलीत, पंखा बंद करून, कारण कागद उडायचे. मध्येच नळाला पाणी आलं की तो ड्रम भरायला पळायचा आणि मी तुझ्या अर्ध्या वाक्यावर बसून राहायचो. तुझी टिंगल करायला नाही दिली मी ती पत्रं. माझ्याकडे दुसरे डोळे नव्हते.

आणि आता रागाचं. मी चुकलो, मान्य. पण तू एकदा तरी विचारलंस का? दीड वर्षं मी हॉटेलात मेनूकार्ड तुझ्याकडे सरकवायचो, तुला वाटायचं मी जंटलमन आहे. तुझ्या एकाही पत्राला मी कागदावर उत्तर दिलं नाही, तुला वाटलं मला कंटाळा येतो. तू साहित्यात एमए करतेस, माणसं वाचता येतात म्हणतेस, मग मी का नाही आलो वाचता? एकदाही विचारलं नाहीस.

हे मी फोनला सांगतोय, फोन टाईप करतोय. मग फोनकडूनच परत ऐकतो आणि शहाड स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढतो. तिथेच उत्तमशेठच्या कारखान्यात कामाला आहे मी, अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बनवतो. अरे तो दोन इंची सेक्शन कुठे ठेवलास. हे मधलं उत्तमशेठ बोलले, काढायला जमत नाहीये, तसंच राहू दे.

साकेत


डोंबिवली पूर्व
२२ जून

देवयानी,

आईला विचारलं. ती माठाची भाजी निवडत बसलेली. मी म्हटलं, "आई, चौथीत माझी ठाण्याला कसली चाचणी झालेली?"

तिने "कसली चाचणी?" असं विचारलं असतं तर मी कदाचित गप्प बसलो असतो. ती म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?"

मग मला सगळं आठवलं, जिराफापासून. केंद्राच्या भिंतीवर उंची मोजायचा जिराफ रंगवलेला आहे. सोमवारी बघितला तेव्हा वाटलेलं, याला आपण ओळखतो. नऊ वर्षांचा होतो. बाबांनी शाळेतून अर्धा दिवस सुट्टी घेतलेली. मला नवा शर्ट. वाटेत सांगितलं, "स्कॉलरशिपच्या आधीची ही परीक्षा आहे. यात पास झालास तर स्कॉलरशिपला बसवायचं." आमच्या चौथीच्या वर्गात तेव्हा दुसरा विषयच नव्हता. सगळ्यांच्या दप्तरात ती जाडजूड सराव पुस्तकं. मी छाती काढून गेलेलो. आत एका ताईंनी लाल-पांढरे ठोकळे दिले, चित्र दाखवलं, तसं जुळव म्हणाल्या. मजा आली. असली परीक्षा असेल तर मी रोज देईन म्हटलं. मग थोडं वाचायला दिलं, ते जमलं नाही. येताना टेंभी नाक्यावर बाबांनी रस पाजला. हो, त्याच नाक्यावर.

काही दिवसांनी बाबा घरी आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, "नाही झालास पास."

बस. एवढंच. मला वाटलं ठोकळे चुकले. अकरा वर्षं मी असं धरून चाललो की वाचता येत नाही ते येत नाहीच, पण ज्या एका गोष्टीत मजा आली त्यातही मी नापास आहे. सोसायटीतली सगळी पोरं स्कॉलरशिपला बसली, आणि कोणी विचारलं की आई म्हणायची, "त्याला ताप होता."

आई म्हणाली, "त्यांनी तुझ्या भल्यासाठीच केलं रे. वर्गात एकदा शिक्का बसला की बसला."

मी म्हटलं, "मग 'ढ' हा काय शिक्का नव्हता? तो तर घरात बसवला."

"मी रोज वाचून दाखवत होते ना तुला सगळं," ती म्हणाली. खरंय. भाजी ढवळता ढवळता तिने मला बारावीपर्यंतचा इतिहास ऐकवलाय. मी जो काय पास झालो तो तिच्या आवाजावर. म्हणून तिच्यावर ओरडता येत नाही आणि न ओरडता राहवत नाही.

आता खरं ऐक. मी विचारलं, बाबांना कसं कळलं की मला चाचणीला न्यायला हवं? आई म्हणाली, "त्यांनाच तर कळतं. शाळेत कुणा मुलाचं असं असलं की पत्र तेच देतात, पालकांना तेच समजावतात. तेवीस मुलांना पाठवलंय त्यांनी आजवर."

तेवीस. माझे बाबा तळेकर सर, डोंबिवलीत मराठी शिकवतात, फळ्यावर सुविचार असा लिहितात की पुसणाऱ्याचा हात थांबतो. त्यांनी तेवीस आयांना समोर बसवून सांगितलं की यात लाजण्यासारखं काही नाही. त्या तेवीस जणांना परीक्षेत जास्तीचा वेळ मिळाला, लेखनिक मिळाला. चोविसाव्याला उसाचा रस मिळाला.

बाबा सध्या आत्याकडे गेलेत. आई म्हणते, "त्यांचं बीपी वाढतं, तू काही बोलू नकोस." मी म्हटलं, बघू.

साकेत


शहाड
५ जुलै

देवयानी,

पहिली दोन पोचली असतील. तू फाडली नसशील असं धरून चालतोय.

चाचण्या झाल्या, तीन दिवस. पहिल्या दिवशी काय दिलं असेल हातात? आठ पानी फॉर्म. हाताने भरायचा. म्हणजे पांगळ्याला सांगायचं, चौथ्या मजल्यावर ये, मग बघतो तुझा पाय. मी तो फॉर्म टेबलावर आपटला. नीला मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. आठ वर्षं मी ट्रस्टला हेच सांगतेय. ये, मी विचारते, तू बोल." रागाला असं उत्तर आलं की माणसाची पंचाईत होते.

बाहेर बाकांवर सगळी आठ-दहा वर्षांची पोरं आणि त्यांच्या आया. एका बाईंनी मला विचारलं, "तुमचं कोण आहे आत? भाऊ का?" म्हटलं, "मीच आहे." त्या सरकून बसल्या. मग थोड्या वेळाने परत जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मोठेपणी जातं का हो हे?" काय सांगणार? म्हटलं, "जात नाही. पण पोराला सांगा काय आहे ते. परीक्षा आहे, पास हो, असलं काही सांगू नका." त्यांचा चेहरा पडला. तसंच काहीतरी सांगून आणलेलं असणार.

वाचनाच्या वेळी मॅडमनी हातात स्टॉपवॉच घेतलं आणि माझं डोकं फिरलं. तुला कॉलेजचं माहीत आहे, पण अर्धंच. मी तुला सांगितलेलं की हजेरीवरून सरांशी वाजलं. तसं नव्हतं. दुसऱ्या वर्षाला सरांनी माझी उत्तरपत्रिका वर्गात मोठ्याने वाचली, चुकांसकट, नक्कल करत. साठ जण हसले. मी बाक उलटा केला आणि निघालो तो परत गेलोच नाही. तुला खोटं सांगितलं, कारण भांडखोर वाटलेलं परवडतं.

मॅडमना म्हटलं, "ते घड्याळ उलटं ठेवा, नाहीतर मी चाललो." त्यांनी टेबलाखाली धरलं. मी वाचलं. चौथीच्या पुस्तकातला उतारा, एक शेतकरी आणि त्याचा बैल. बैल शेताबाहेर पडेपर्यंत माझा शर्ट भिजलेला.

मग ठोकळे आले. तेच लाल-पांढरे. मी हात मागे घेतले. म्हटलं, "यात मी नापास आहे."

"कोण म्हणालं?"

"घरी सांगितलेलं."

"यात नापास होत नसतं रे कोणी," त्या म्हणाल्या. "कर तू."

देवयानी, मी दिवसभर काय करतो? भिंतीतलं भोक बघतो आणि खिडकी डोळ्यांपुढे उभी करतो. उत्तमशेठ टेप लावायच्या आधी मला विचारतात. ठोकळे माझ्या हातात आपोआप बसत गेले. शेवटचा नमुना झाल्यावर मॅडमनी कागदावर आकडा लिहिला, परत घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "२०१४चा रिपोर्ट मी बघितलेला नाही, आमची प्रत पुरात गेली. पण तो घरी असेल तर काढून वाच. तुला वाचायला हवा."

नवा रिपोर्ट तीन आठवड्यांनी. तो घेऊन मग सरकारी हॉस्पिटलात रांग, तेव्हा सर्टिफिकेट. उत्तमशेठ म्हणाले, "जा बाबा, पण मोठी ऑर्डर आहे, खिडक्या वाकड्या बसल्या तर तुझा डिस्को मी काढीन." त्यांना ते नाव येत नाही. डिस्कोच म्हणतात.

साकेत


डोंबिवली पूर्व
१३ जुलै

देवयानी,

हे पत्र लिहायला लाज वाटतेय, तरी सांगतो.

मॅडमनी एक युक्ती सांगितली, पुठ्ठ्याला चीर पाडायची आणि एका वेळी एकच ओळ दिसू द्यायची. मी पुठ्ठा कशाला घेऊ? अॅल्युमिनियमच्या पातळ पट्टीला चीर पाडली, कडा घासल्या. ओळीएवढी खिडकी. ती घेऊन तुझं पाचवं पत्र काढलं, सप्टेंबरचं. दोन संध्याकाळी लागल्या. तुझं अक्षर तिरकं आहे, हे मला पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या पानावर मी थांबलो. तिथे आठ ओळी होत्या ज्या मी कधी ऐकलेल्याच नव्हत्या.

काय लिहिलेलं ते फोनला सांगणार नाही. तुला आठवत असेल, गणपतीतली ती गर्दी आणि तू माझ्या शर्टाची बाही धरलेलीस. ते होतं.

तसाच उठून दिव्याला गेलो, ऋतुराजच्या तोंडासमोर पान धरलं. "हे का नाही वाचलंस?"

तो म्हणाला, "अबे, ते तुझं होतं. मी कसं वाचणार?"

"मग मला कळलं कसं नाही?"

"मी तिथे खोकायचो."

दिव्याच्या हवेने खोकतो असं वाटायचं मला. अकरा पत्रांत तो किती खोकलाय ते आठव म्हटलं तर मोजता येणार नाही. म्हणजे तुझं खरं खासगी जे होतं ते त्यानेही डोळे मिटून ओलांडलं. मेसवालीचा गूळ, रूममेटची मांजर, मोर्चात तुटलेली चप्पल, एवढंच त्याच्या तोंडून माझ्या कानात आलं. बाकीचं तू लिहिलंस आणि आता मी वाचलं. मधे कोणी नाही. हे तुला कळायला हवं होतं म्हणून आधी सांगितलं.

आता लाजेचं. त्या आठ ओळींतली शेवटून दुसरी ओळ मी तीनदा खिडकीत धरली. तू विचारलं होतंस. 'साकेत, तुला वाचायला त्रास होतो का? माझ्या मामेबहिणीला होतो. खरं सांगितलंस तर मी सगळं फोनवर वाचून दाखवीन, रागावणार नाही.'

तू विचारलं होतंस, सप्टेंबरमध्येच. आणि मी त्या संध्याकाळी फोनवर म्हणालो, पत्र मस्त होतं.

१८ जूनच्या पत्रात मी तुला जे सुनावलंय ते खोड. मला खोडता येत नाही, प्रिंट तुझ्याकडे आहे. माझा राग चुकीच्या घरी गेला. बरोबर घर मला माहीत आहे. मी त्यातच बसलोय.

साकेत


दिवा
२७ जुलै

देवयानी,

वरचा पत्ता बघ. आजपासून हा, ऋतुराजच्या खोलीचा. उत्तर पाठवायचं असेल तर इथे पाठव, पाठवलंच पाहिजे असं नाही. पत्र माझ्याच हातात पडेल आणि मीच वाचीन, वेळ लागेल तेवढा लागेल.

काल नवा रिपोर्ट मिळाला. मॅडमनी बसवून समजावून सांगितला. मी तो आईसमोर ठेवला आणि म्हटलं, "आता जुना दे." आज सकाळी बाबा अंघोळीला गेले तेव्हा तिने कपाटाच्या लॉकरमधून काढून दिला. प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये, एक घडी नाही, एक डाग नाही. वर बाबांच्या अक्षरात 'चि. साकेत, इयत्ता चौथी'. लपवायचा असूनही नाव घोटून लिहिलेलं.

बाबा हॉलमध्ये बसलेले, कट निबचं पेन घेऊन, दहावीच्या मुलांच्या गुणगौरवाची सर्टिफिकेटं लिहीत. मी रिपोर्ट त्या गठ्ठ्यावर ठेवला.

"वाचा."

त्यांनी कव्हर ओळखलं. म्हणाले, "झालं ते झालं. कशाला उकरून काढतोस?"

"मला नीट वाचता येत नाही, तुम्हाला माहितीये. तुम्हीच वाचा. शेवटचं पान."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मला वाटलं उठून जातील, पण वाचायला लागले. शाळेत प्रार्थनेनंतर बातम्या वाचतात त्या आवाजात. "मुलाची बुद्धिमत्ता वयाच्या मानाने बरीच वरची आहे. आकृती आणि रचना यांची जाण उत्तम. वाचन-लेखनातील अडचण आळस किंवा दुर्लक्ष यांमुळे नाही." आणि थांबले.

"अजून एक ओळ आहे."

"संपलं."

"नाही संपलं. मी सकाळी वाचलीय, खिडकी लावून. वाचा."

ते वाचेनात. मग मीच म्हटली, पाठ झालेली. "मुलाला हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगावे."

स्वयंपाकघरात कढईतलं उलथनं थांबलं.

बाबा म्हणाले, "तू शिक्षक नाहीस, तुला नाही कळायचं. माझ्याच घरात असं आहे म्हटल्यावर स्टाफरूममध्ये काय तोंड दाखवणार होतो? मला वाटलं, मी शिकवून भरून काढीन. रोज सहा ते आठ बसलोय तुझ्यापुढे."

"फूटपट्टी घेऊन."

"झालास ना बारावी?"

"त्या तेवीस आयांना काय सांगायचात? लाजायचं काही नाही म्हणून? तुम्हाला लाज वाटत होती तेव्हा कुठल्या तोंडाने सांगायचात?"

आई आतून म्हणाली, "उसळ झालीय. जेवून घ्या आधी दोघं, मग काय ते भांडा."

मी म्हटलं, "बाबा, मला एकच ऐकायचंय. त्या दिवशी तुम्ही चप्पल काढताना मला सांगितलंत. आता बसून सांगा. मी नापास झालेलो का?"

एवढंच होतं. दोन अक्षरं. 'नाही' म्हणायचं. माझी अकरा वर्षं त्या दोन अक्षरांवर अडकलेली आणि माणूस मराठीचा शिक्षक.

त्यांनी रिपोर्ट कव्हरमध्ये सरकवला, कडा जुळवल्या आणि म्हणाले, "तेव्हा तू लहान होतास."

आई हात पुसत दारात आली. "नव्हतास रे नापास. राजा, नव्हतास."

"तुला नाही विचारलं, आई," मी म्हटलं.

मग वाट बघितली. बरीच. बाबांनी पेनाचं टोपण काढलं आणि पुढचं नाव लिहायला घेतलं.

बॅग कालच भरलेली होती. तुझी अकरा पत्रं, पट्टी, दोन्ही रिपोर्ट. जुना मी त्यांच्या कोपराखालून ओढून घेतला, त्यांनी सोडला. आईने डबा भरून दिला, तो घेतला, कारण डब्याने काही केलेलं नाही. चपला घातल्या. दारावरची पाटी बघितली. 'विश्राम, सौ. सरोज, चि. साकेत'. मी ती आजवर चित्रासारखी ओळखत आलेलो. उंबऱ्यात उभं राहून तिसरं नाव एकेक अक्षर करत वाचलं. मग बाहेर आलो आणि दार ओढून लावून घेतलं.

साकेत